उशाशी कसं बसायचं : खाटेभोवतीच्या मराठी शब्दांची पायरीपायरीनं ओळख

डिसेंबरातली रात्र होती. नाशिकची थंडी ज्यांनी वॉर्डात काढली आहे त्यांना ती ठाऊक आहे. पहाटे तीनला लोखंडी कॉटचा दांडा हाताला चटका देतो. सटाण्याकडच्या एक आजी ॲडमिट होत्या. माझ्याबरोबर नाइटला एक नवी मुलगी होती, केरळातली. कामाला चोख, हिंदी बरी, मराठी जेमतेम तीन महिन्यांची. आजी तिला म्हणाल्या, "उशाले तांब्या ठेव माय." मुलीला 'उशी' हा शब्द माहीत होता. तिनं भरलेला तांब्या नीट, दोन्ही हातांनी, आजींच्या उशीच्या काठावर टेकवून ठेवला. तीनच्या सुमाराला आजींनी मान वळवली आणि तांब्या कलंडला. उशी, चादर, आजींची मान, केस, सगळं गार पाण्यात.

पोरगी रडकुंडीला आली. चादर बदलली, केस पुसले, दुसरी चादर पांघरली आणि स्टूल ओढून आजींच्या डोक्याशी बसून राहिली. आजी रागावल्या नाहीत. थोड्या वेळानं म्हणाल्या, "आता तू बसलीस ना, तिथंच ठेवायचा होता तांब्या."

मी २२ वर्षं वॉर्डात काम केलं आणि आता घरी जाऊन रुग्णांची सेवा करणाऱ्या नव्या मुलामुलींना शिकवते. 'उशाशी' या शब्दाचा आजींनी सांगितला त्याहून चांगला अर्थ मला कुठे सापडला नाही. उसं म्हणजे अंथरुणात डोकं असतं ते टोक. तिथं तांब्या ठेवायचा असतो आणि तिथंच माणूस बसायचा असतो.

हा लेख त्यांच्यासाठी आहे, जे नाशकात नव्यानं आलेत आणि आजारी माणसाजवळ काम करणार आहेत: नर्सिंगच्या मुली, घरी राहून सेवा करणारे, शिकाऊ डॉक्टर. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय इथंच, म्हसरूळला आहे, त्यामुळे बाहेरगावची मुलं या शहराला नवी नाहीत. मराठी घरातच वाढलेल्या पण इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलांनाही याचा उपयोग होईल, कारण तीसुद्धा सगळ्याला 'बेडजवळ' म्हणून मोकळी होतात. 'बेडजवळ' चूक नाही. पण आजींना कळेल इतकंच ते सांगतं. त्यांना आपलं वाटेल इतकं सांगत नाही.

पहिली पायरी : आधी खाटेचं नाव ऐका

पेशंट स्वतः ज्या शब्दानं अंथरुणाला हाक मारतो, तो शब्द आधी पकडा. हॉस्पिटलात 'बेड' आणि 'कॉट' चालतात. घरी शहरी माणूस 'पलंग' किंवा 'बेड' म्हणेल, गावाकडचा 'खाट'. सुतळीनं किंवा नवारीच्या पट्टीनं विणलेली असेल तर ती 'बाज'. निफाड, येवला, मालेगाव, सटाणा, कुठेही वस्तीवर जा, अंगणात बाज दिसेलच. बाळंतिणीचीही बाजच. आणि जमिनीवर गादी-गोधडी टाकली असेल तर ते 'अंथरूण'.

'अंथरूण' या शब्दाशी जपून. "बाबांनी अंथरूण धरलंय" असं कुणी म्हणालं, तर बाबा हातात चादर धरून बसलेले नाहीत. ते इतके आजारी आहेत की उठत नाहीत. "अंथरुणाला खिळलेत" म्हणजे त्याहूनही जास्त, आणि बहुतेक बऱ्याच दिवसांपासून. फोनवर नातेवाइकांनी यातला कुठला शब्द वापरला यावरून पेशंट किती चालता-फिरता आहे याचा अंदाज बांधता येतो. मी नेहमी बांधते.

जुना शब्द 'शेज'. तो बोलण्यात आता फारसा नाही, पण देवळातल्या रात्रीच्या शेजारतीत आहे: देवाला निजवतानाची आरती. आणि नाशिकच्या उत्तरेला दिंडोरी तालुक्यात तो चक्क किल्ल्याच्या नावात आहे, रामशेज. वनवासात राम इथं विसावले अशी लोकांची श्रद्धा, म्हणून ही रामाची शेज. याच किल्ल्याला १६८२ साली औरंगजेबाच्या फौजेनं वेढा घातला आणि गडावरच्या मूठभर मावळ्यांनी तो वर्षानुवर्षं दाद न देता झुंजवला. नव्या मुलांना मी रामशेज नकाशावर दाखवते, कारण पुढचा एक शब्द तिथं फुकटात शिकता येतो: किल्ल्याच्या पायथ्याशी आशेवाडी गाव आहे. पायथा डोंगरालाही असतो आणि खाटेलाही.

दुसरी पायरी : उसं कुठंय ते बघा

'उसं' हा मूळ शब्द (लिहिताना 'उसे') आता एकटा क्वचितच ऐकू येतो. अंथरूण घालताना एखाद्या मावशी विचारतील, "उसं कुठल्या बाजूला करू?" बाकी वेळी तो प्रत्यय लावूनच भेटतो: उशाशी, उशाला, उशाकडे. संस्कृतातल्या 'उच्छीर्षक' या शब्दापासून 'उसं' आणि 'उशी' हे दोन्ही आले. उत् म्हणजे वर, शीर्ष म्हणजे डोकं; डोकं वर उचलून धरणारं ते उच्छीर्षक. गुजराती मुलींना हे लगेच पटतं, त्यांच्याकडे उशीला 'ओशीकुं' म्हणतात. हिंदीवाल्यांना मी सांगते की तुमचं 'सिरहाना' ते आमचं 'उसं', तुमचं 'पैताना' तो आमचा 'पायथा'. एवढ्यावर निम्मं काम होतं.

उरलेलं निम्मं असं: उसं हे माणसाच्या डोक्याबरोबर फिरतं. खाट तीच, भिंत तीच. पण आजोबांनी खिडकीचा उजेड डोळ्यांवर येतो म्हणून डोकं दुसऱ्या टोकाला केलं, तर उसं तिकडे गेलं आणि कालचा पायथा आज उसं झाला. म्हणून "उशाशी गोळ्या ठेवल्यात" असं ड्यूटी बदलताना सांगायचं असेल, तर आधी पेशंटचं डोकं कुठे आहे ते पाहा. वॉर्डात हा प्रश्न कमी येतो, तिथं ऑक्सिजनची नळी भिंतीतून ज्या टोकाला येते ते उसं ठरलेलं असतं. घरी रोज येतो.

आता एक गोष्ट, कारण ही गोष्ट बहुतेक मराठी पेशंटना माहीत असते आणि तुम्हालाही असावी. महाभारतात युद्धाआधी दुर्योधन आणि अर्जुन दोघंही कृष्णाची मदत मागायला द्वारकेला जातात. कृष्ण झोपलेला. दुर्योधन आधी पोचतो आणि उशाशी, चांगल्या आसनावर बसतो. अर्जुन मागून येतो आणि पायाशी हात जोडून उभा राहतो. कृष्ण डोळे उघडतो तेव्हा त्याला आधी दिसतो तो अर्जुन.

घराघरांत ही गोष्ट नम्रतेसाठी सांगतात. आम्ही ती आमच्या कामासाठी सांगतो. झोपलेल्या माणसाला उशाशी बसलेल्याचा चेहरा दिसत नाही. म्हणून झोपलेल्या पेशंटला उठवायचं असेल तर पायथ्याकडून किंवा कडेनं पुढे या, चेहरा दिसू द्या, मग हाक मारा. उशाकडून अचानक हात लावलात तर म्हातारं माणूस दचकतं. पण एकदा तो जागा झाला, वेदनेत असला, ताप चढला असला, की उशाशी बसा. तिथं तुमचा चेहरा दिसत नाही आणि दिसायची गरजही नसते. कपाळावरचा हात पुरतो.

तिसरी पायरी : शब्द वाकतो कसा

प्रत्यय लागला की मराठी शब्द वाकतो. 'नाशिक' आणि 'नाशकात' हे तुम्ही पहिल्याच आठवड्यात ऐकलं असेल. तसंच उसं आणि उशाला. 'स'चा 'श' होतो याचं आश्चर्य वाटायला नको. पैसा-पैशाला, ससा-सशाला, मासा-माशाला, सगळीकडे हेच चालतं.

गोंधळ उशीपायी होतो. उशी एक, उश्या दोन. लिहिताना हा 'य' लक्षात ठेवा: मासा-माशाला पण माशी-माश्या, त्याच चालीवर उसं-उशाला पण उशी-उश्या. "पाठीमागे दोन उश्या दे" आणि "उशाशी दोन बाटल्या दे" यांत एवढाच फरक दिसतो, पण काम निराळं आहे. बरेच मराठी लोक दोन्हीकडे 'उशा' लिहितात. त्यांना अडत नाही, कारण त्यांच्या कानात दोन शब्द वेगळे आहेत. तुमच्या कानात ते बसेपर्यंत वेगळेच लिहा.

आणखी दोन ठेचा. 'उशिरा' म्हणजे वेळ टळल्यावर, त्याचा खाटेशी काही संबंध नाही. पण दात नसलेल्या आजोबांच्या तोंडून 'उशाला' आणि 'उशिरा' सारखेच ऐकू येऊ शकतात. शंका आली तर हात दाखवून विचारा, "इथं ठेवू का?" दुसरी ठेच लिहिण्यातली. 'उषा' म्हणजे पहाट आणि बाईचं नाव. रिपोर्ट बुकात "गोळ्या उषाशी ठेवल्या" असं लिहिलं, तर पुढची सिस्टर उषा नावाची बाई शोधेल.

मालेगाव, सटाणा, कळवण पट्ट्यातून येणारे पेशंट अहिराणी बोलतात. तिथं 'ला'चा 'ले' होतो. मला म्हणजे मले, उशाला म्हणजे उशाले. आमच्या आजींचं 'उशाले' ते हेच.

चौथी पायरी : शेपूट बदललं की जागा बदलते

ही पायरी सावकाश चढा. सगळी गंमत आणि सगळ्या चुका इथंच आहेत.

*उशाशी.* डोक्याजवळ, हात लांब केला तर पोचेल अशी जागा. वस्तू उशाशी असते तेव्हा ती उशीवर नसते. स्टुलावर, लॉकरवर, खिडकीच्या कट्ट्यावर किंवा जमिनीवर असते. दुकानात ज्याला 'साइड टेबल' म्हणतात त्याला वॉर्डात 'लॉकर' म्हणतात; पेशंटला मात्र "लॉकरवर ठेवलंय" यापेक्षा "उशाशी ठेवलंय" हे पटकन कळतं, कारण त्यात 'तुमच्या हाताशी आहे' हेही आलं. वस्तीवर बाहेर बाज टाकून झोपणारा शेतकरी उशाशी बॅटरी आणि काठी ठेवतो. रात्री द्राक्षाला पाणी द्यायला उठायचं असतं आणि बिबट्याचं भय असतं. अशा माणसाला हॉस्पिटलात आणलं की त्याचा हात अंधारात आधी उशाशी जातो. तिथं पाणी आणि घंटीचं बटण हाताला लागलं पाहिजे.

*उशापाशी.* जवळपास तेच, किंचित सैल. 'उशाशी'त स्पर्शाइतकी जवळीक आहे, 'उशापाशी'त आसपास.

*उशाला.* याचे दोन अर्थ आहेत. एक, डोक्याच्या बाजूला: "उशाला खिडकी आहे." दुसरा, उशी म्हणून: "हात उशाला घेऊन झोपला." सिंहस्थात किंवा यात्रेत गोदाघाटावर आलेली माणसं गाठोडं उशाला घेऊन झोपतात, त्यात उशीही झाली आणि गाठोड्याची राखणही. दोन्हींतला फरक क्रियापदावरून कळतो. 'घेणे' आलं की उशी, 'असणे' किंवा 'ठेवणे' आलं की जागा. म्हणून "उशाला काय घेऊ?" असं पेशंटनं विचारलं तर तो उशी मागतो आहे. "उशाला काय ठेवलंय?" म्हणाला तर डोक्याशी ठेवलेल्या पिशवीबद्दल विचारतो आहे.

*उशाखाली* आणि *उशीखाली.* रोजच्या बोलण्यात दोन्ही एकच. पैसे, किल्ल्या, मोबाइल, देवाचा अंगारा सगळं तिथंच असतं. चादर बदलण्याआधी "उशीखाली काही आहे का हो?" हे विचारायचंच. अंगाऱ्याची पुडी झटकली गेली तर पेशंटच्या घरचे बोलत नाहीत, पण ते त्यांच्या मनातून जात नाही.

*उशाकडे.* दिशा. "सलाइनचा स्टँड उशाकडे घे." "उशाकडची बाजू वर कर." हे दुसरं वाक्य पाठ करा. नाकातल्या नळीतून जेवण देताना उशाकडची बाजू ३० ते ४५ अंश उंच ठेवतात आणि जेवण झाल्यावरही काही वेळ तशीच ठेवतात, म्हणजे अन्न उलटून श्वासनलिकेत जात नाही. घरी हँडलची कॉट नसेल तर पाठीमागे उश्या लावून तेवढा उतार करावा लागतो. घरच्या सुनेला "हेड एंड एलिव्हेट करा" म्हटलं तर ती गोंधळते. "जेवताना आणि जेवल्यावर उशाकडून उंच ठेवा, लगेच आडवं करू नका" म्हटलं की ती रात्रीसुद्धा विसरत नाही.

पाचवी पायरी : पायथा, कड आणि कूस

पायथा म्हणजे पायाकडचं टोक. पांडवलेणीच्या डोंगराच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे, खाटेच्या पायथ्याशी केसपेपर टांगलेला असतो. 'पायाशी' आणि 'पायथ्याशी' यांत फरक करा: पायाशी म्हणजे त्या माणसाच्या पावलांजवळ, पायथ्याशी म्हणजे अंथरुणाच्या त्या टोकाला. अर्जुन पायाशी होता.

इथं एक गोष्ट मनावर घ्या, ती कुठल्या नर्सिंगच्या वर्गात सांगत नाहीत. मराठी घरात उसं आणि पायथा यांना मान-अपमान आहे. पोथी, देवाचा फोटो, प्रसाद, तीर्थ उशाशी. चपला, केराची बादली, बेडपॅन पायथ्याकडे किंवा खाटेखाली. तुम्ही जागा नाही म्हणून प्रसादाची वाटी पायथ्याशी ठेवलीत, तर आजी ती खाणार नाहीत आणि का ते सांगणारही नाहीत. 'भांडं' या शब्दावरही लक्ष असू द्या. 'तांब्या-भांडं' यातलं भांडं पाणी प्यायचं. पण वॉर्डात अवघडलेला पेशंट हळूच "भांडं द्या" म्हणतो, तेव्हा तो लघवीचं मागत असतो. पाण्याचं भांडं उशाशी, दुसरं खाटेखाली. पेशंटचा आवाज खाली गेला की कुठलं ते आपोआप कळतं.

बाजूला काय म्हणायचं? 'कडेला'. "पलंगाच्या कडेला खुर्ची ठेव." 'काठावर' म्हणजे अगदी धारेवर: "काठावर बसू नका, पडाल." काठ नदीला असतो, विहिरीला असतो, साडीलाही असतो. 'कडेवर' मात्र लहान मुलाला घेतात, कमरेवर बसवून. "खुर्ची पलंगाच्या कडेवर ठेव" असं म्हणू नका. 'शेजारी' दोन्हींना चालतं, माणसालाही आणि वस्तूलाही, आणि अडलात तर हा शब्द कधी दगा देत नाही.

कूस म्हणजे शरीराची बाजू. "डाव्या कुशीवर वळा, आजोबा." "कूस बदलायची का?" जो पेशंट स्वतः हलू शकत नाही त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाड, टाचा, खुबा इथली कातडी दाबानं मरते आणि जखम होते. पुस्तकात तिला शय्याव्रण म्हणतात, घरचे 'बेडसोर' म्हणतात किंवा नुसतं "पाठ सोलली". 'कुशीवर' आणि 'कुशीत' यांची अदलाबदल करू नका. कुशीवर वळायचं असतं, कुशीत आई घेते. सोबत 'उताणं' म्हणजे पाठीवर आणि 'पालथं' म्हणजे पोटावर, एवढे दोन शब्द आले की खाटेवरचा माणूस तुम्हाला चारही बाजूंनी वळवता येतो.

सहावी पायरी : माणूस उशाशी बसतो तेव्हा

इथपर्यंत वस्तू होत्या. आता माणूस.

"मुलगा आठ दिवस उशाशी बसून होता." या वाक्यात खुर्ची कुठे होती हे कुणी विचारत नाही. त्यानं काम सोडलं, झोप सोडली, आईला एकटं ठेवलं नाही, हे सगळं त्या दोन शब्दांत येतं. "उशापायथ्याशी बसून रात्री काढल्या" म्हटलं की सेवेत काही कमी ठेवली नाही. आणि "शेवटी उशाशी कोणी नव्हतं" हे मराठीतलं फार जड वाक्य आहे. कुणी तुमच्यासमोर ते म्हणालं तर घाईनं उत्तर देऊ नका.

म्हणून ड्यूटी बदलताना 'बेडसाइडला कोण आहे?' हे आपापसात ठीक आहे. नातेवाइकांना विचारताना "रात्री आजींच्या उशाशी कोण थांबणार आहे?" असं विचारा. 'अटेंडंट कोण?' या प्रश्नाला नाव मिळतं. 'उशाशी कोण?' या प्रश्नाला नात्यासकट उत्तर येतं: "मी थोरली सून, दिवसा धाकटा असतो." कुणावर किती भरवसा ठेवायचा हे तेवढ्यात कळतं.

हाक कशी मारायची? वयस्कर बाईला आजी, पुरुषाला आजोबा किंवा बाबा. मधल्या वयाला काका, मावशी, ताई, दादा, भाऊ. घरचे ज्या नावानं हाक मारतात, नाना, अण्णा, आप्पा, ते ऐकून तेच उचललंत तर उत्तम. वॉर्डात मात्र 'मावशी' म्हटलं की आयाबाई वळून बघतात आणि 'मामा' म्हटलं की वॉर्डबॉय, त्यामुळे तिथं पेशंटला 'काकू' म्हणणं सोपं. 'तुम्ही' कधी सोडू नका. आजी तुम्हाला 'तू' म्हणतील. तो त्यांचा हक्क आहे आणि तुमच्यावरचा लोभही.

"मी तुमच्या उशाशीच आहे, आजी." हे वाक्य शिका. भूल उतरताना, ताप चढलेला असताना, अनोळखी वॉर्डात पहिल्या रात्री, या वाक्यानं हातपाय झाडणारा पेशंट शांत झालेला मी अनेकदा पाहिला आहे. मात्र म्हटलं की तिथं राहा. दोन मिनिटांत फोन वाजला आणि तुम्ही दाराबाहेर गेलात, तर पुढच्या वेळी ते वाक्य उपयोगाला येणार नाही. जायचंच असेल तर आधी सांगा: "दहा मिनिटांत येते, पाणी उशाशी आहे."

कुठे जपून

मरण पावलेल्या माणसाच्या उशाशी दिवा लावतात. त्यामुळे जिवंत पेशंटबद्दल बोलताना 'उशाशी दिवा लावला' असं म्हणू नका, लाइट गेली म्हणून मेणबत्ती लावली असली तरी. "टेबलावर मेणबत्ती लावलीय" म्हणा. उत्तरेकडे उसं करून झोपू नये असंही पुष्कळ घरांत मानतात. घरी पेशंटची खाट हलवण्याआधी विचारून घ्या. बाळाच्या किंवा बाळंतिणीच्या उशाशी विळा, सुरी असं काहीतरी लोखंडी ठेवलेलं दिसेल. दृष्ट लागू नये, वाईट स्वप्नं पडू नयेत म्हणून ठेवतात. ते काढून फेकू नका. धार उघडी असेल तर आजीला सांगून कापडात गुंडाळायला लावा आणि बाळाच्या हाताला लागणार नाही इतकं दूर सरकवा. दोन्ही जपलं जातं.

पेपर वाचताना आणखी एक 'उशाला' भेटेल, विशेषतः एप्रिल-मे महिन्यात: "धरण उशाला, कोरड घशाला." इगतपुरी-त्र्यंबकेश्वर भागात दारणा, भावली, मुकणे, वैतरणा अशी धरणं आहेत. वैतरणेचं पाणी पार मुंबईपर्यंत जातं. आणि त्याच डोंगरांतल्या पाड्यांवर उन्हाळ्यात बाया डोक्यावर हंडे घेऊन पाण्यामागे फिरतात. म्हण समजून घ्यायला आमच्या आजींची रात्र आठवा. पाणी डोक्याशी आहे आणि तरी तोंडात पडत नाही, ही तडफड ज्यानं ती म्हण पहिल्यांदा म्हटली त्याला ठाऊक होती. या पाड्यांवरची एखादी बाई तुमची पेशंट असेल आणि भरलेल्या बाटलीतलं पाणी घोट घोट पुरवून पीत असेल, तर बाटली संपायच्या आत दुसरी भरून ठेवा. तिला मागायला लावू नका.

सरावाची पायरी

आज रात्री स्वतःच्या अंथरुणाभोवती हे करून बघा. पाण्याची बाटली उशाशी ठेवा आणि मोठ्यानं म्हणा, "पाणी उशाशी आहे." चपला पायथ्याकडे सरकवा: "चपला पायथ्याशी आहेत." खुर्ची कडेला ओढा. हात उशाला घेऊन झोपा, उजव्या कुशीवर वळा, मग डोकं दुसऱ्या टोकाला करा आणि सगळ्या वस्तूंची नावं पुन्हा सांगा; बाटली आता पायथ्याशी गेली. एकदा शरीरानं केलं की शब्द चुकत नाही.

मग वॉर्डात जा आणि पहिल्या पेशंटला विचारा. "आजी, पाणी उशाशी ठेवू का?"

त्या म्हणतील, "ठेव. आणि जरा बैस."